फोटो काढून ठेवा म्हणे

रविवारी माझ्या लहान बहिणीला पाहायला पाहुणे येणार आहेत. आज सकाळी मामांचा आईला फोन आला, "बाई, समोरच्या खोलीतला तो फोटो दोन दिवस आत ठेव. पाहुण्यायनं विचारलं तं काय सांगशीन?" तो फोटो माझ्या काकाचा. जाऊन अजून वर्ष झालं नाही त्याला. आईनं मुकाट्यानं हारासकट उतरवला आणि कपाटात रजयांच्या मागे ठेवला. मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. आता मात्र राहवत नाही.

माझ्या काकाला स्किझोफ्रेनिया होता. विशीत सुरू झाला. आजीनं सैलानीच्या यात्रेत होळीला नारळ वाहिले, भगत झाला, अंगारे झाले, मग भावकी म्हणू लागली, "नागपूरले पागलखान्यात नेऊन सोडा." बाबांनी सोडलं नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यातून गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी हात थरथरायचे, तर पारावरची माणसं म्हणायची, आता दारूही प्यायला लागला. दारूच्या थेंबाला शिवला नाही तो कधी!

आणि हीच माणसं हरभऱ्याच्या दिवसांत त्याच्या जिवावर घरी झोपायची. आमच्या धुऱ्याला लागून जेवढी वावरं आहेत, त्या सगळ्यांची जागल काका एकटा करायचा. रोही म्हणजे नीलगाय आली, डुकरं आली, की पिपा बडवत अंधारात धावायचा.

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट. बाबा तापानं पडले होते, म्हणून मी आणि दादा काकाचा डबा घेऊन वावरात गेलो. मी हट्टानं तिथंच राहिले, माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर. रात्री जाग आली तर काका कुणाशी तरी बोलत होता, आणि आजूबाजूला कुणीच नाही. मी रडायला लागले. तो म्हणाला, "तुले नाही म्हणून राह्यलो पोरी. ते माह्यावाले हायेत." स्वतःचं घोंगडं माझ्या अंगावर टाकलं आणि अंधाराकडं तोंड करून दटावलं, "हळू बोला ना बे, पोरगी झोपली हाये."

ज्या आवाजांनी त्याचं आयुष्य खाल्लं, त्यांनाही माझ्यासाठी हळू बोलायला लावणारा माणूस. त्याचा फोटो लपवायचा?

जागलीमुळेच तर त्याचं दुखणं वाढायचं. रात्रीच्या गोळीनं गुंगी यायची. "गोळी घेतली तं झोप लागते, अन् झोप लागली तं डुकरं वावर साफ करते," असं तो म्हणायचा. म्हणून हंगामात गोळी बंद. होळी येईस्तोवर आवाज वाढलेले, मग भर रस्त्यात ओरडणं. गावाला तेवढंच आठवतं. पुढे महिन्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन मिळालं आणि शेवटची काही वर्षं बरी गेली. भाजीबाजार तो करायचा, बहिणीला सायकल शिकवली त्यानंच. पण तोवर 'बह्याड', म्हणजे वेडा, हे नाव पक्कं झालं होतं.

न्यूमोनियानं गेला तो. तरी बसायला आलेल्यांनी आईला बाजूला घेऊन विचारलं, "काही औषध तं नव्हतं घेतलं?" यवतमाळ जिल्ह्यात या प्रश्नाचा अर्थ कुणाला सांगायला नको. आणि खरंच कुणी घेतलं, तरी मागे राहिलेली माणसं आजाराचं नाव काढत नाहीत. शेतकरी आत्महत्येनंतर मिळणाऱ्या 1 लाखाच्या सरकारी मदतीचे निकष नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा. डोक्याचं दुखणं सांगितलं तर घर अपात्र ठरेल, ही धास्ती. मग ते दुखणं माणसासोबतच जळून जातं.

2017 च्या कायद्यानं सांगितलं, मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच वागवा, माणसाला साखळीनं बांधू नका. आमच्या घरी साखळी कधीच नव्हती, पण कपाटातली रजयांमागची जागा आहे.

मान्य आहे, या आजाराचा धोका जवळच्या नात्यात थोडा जास्त असतो आणि पाहुण्यांनी विचारलं तर त्यात गैर काही नाही. विचारू देत की! आम्ही सांगू.

आईवर मात्र रागावता येत नाही मला. तीस वर्षं त्याच्या गोळ्या तिनंच मोजून दिल्या. संध्याकाळी मी तिला माळ्यावरची गोष्ट सांगितली. तिला ठाऊकच नव्हती. "हळू बोला म्हणे?" एवढंच विचारलं आणि डोळ्याला पदर लावला. माझा अर्धा राग तिथंच गेला. उरलेला मामांसाठी ठेवला आहे. मामा, तुम्ही फेसबुकवर असता, वाचाच.

आता हरभरा पेरून होईल आणि जागली सुरू होतील. तुमच्या घरचा, शेजारचा असा कुणी माळ्यावर जाणार असेल, तर गावात पाळ्या लावा. त्याला रात्रीची गोळी घेऊन घरी झोपू द्या. गोळ्या कुठं मिळतील हे कळत नसेल, कुणाशी बोलावं सुचत नसेल, तर 14416 वर फोन करा. टेलिमानस नाव आहे, फुकट आहे, मराठीतून बोलतात. आमच्या गावात या वर्षी पहिली पाळी माझा दादा घेणार आहे. त्याच्यासोबत कोण जाणार, ते खाली लिहा.