पंजाब 'खालसा' झाला म्हणजे नेमकं काय झालं?

'सातारा खालसा झाला', 'नागपूर खालसा झालं', 'झाशी खालसा झाली'. शाळेत हे पाठ करताना 'खालसा' म्हणजे 'इंग्रजांनी गिळलं' एवढाच अर्थ डोक्यात बसतो. मूळ शब्द महसुलातला. ज्या गावाचा सारा मधल्या जहागीरदाराकडे किंवा इनामदाराकडे न जाता थेट सरकारात जमा होतो, ते खालसा गाव. शिखांचा 'खालसा' याच शब्दातून आला. मसंद नावाचे मध्यस्थ दूर करून गुरू गोविंदसिंगांनी 1699 साली आनंदपूरला ज्यांना थेट गुरूशी जोडलं, तो खालसा. म्हणजे 'डलहौसीने 1849 मध्ये पंजाब खालसा केला' हे मराठी वाक्य अजबच आहे. पंजाब आधीच खालसा होता! रणजितसिंगांच्या राज्याचं नावच 'सरकार-ए-खालसा'. नाणी नानकशाही, त्यांवर राजाच्या नावाऐवजी गुरूंचं स्मरण.

हा निव्वळ शब्दांचा खेळ नाही. या एका क्रियापदामुळे आपण पंजाबला सातारा-नागपूर-झाशीच्या रांगेत उभं करतो आणि तिथे काय घडलं ते पाहायचं राहून जातं. साताऱ्यात दत्तक नामंजूर झाला. पंजाबात वारस जिवंत होता, गादीवर बसलेला होता आणि इंग्रजांच्याच पालकत्वाखाली होता. माझ्या मते हे प्रकरण दत्तक नामंजूर करण्यापेक्षा जास्त निर्लज्ज आहे. कसं, ते कागदांच्या क्रमाने पाहू. शेवटी नाशिकला यायचं आहे, धीर धरा.

27 जून 1839 ला रणजितसिंग गेले. पुढच्या चार वर्षांत खडकसिंग, नौनिहालसिंग आणि शेरसिंग असे तिघे संपले. नौनिहालसिंग तर बाप खडकसिंग याचा अंत्यविधी आटोपून परतताना कमान कोसळून गेला. सप्टेंबर 1843 मध्ये रणजितसिंगांचा धाकटा मुलगा, पाच वर्षांचा दलीपसिंग गादीवर आला आणि त्याची आई जिंद कौर कारभार पाहू लागली. इथे एक घोटाळा नेहमी होतो. खडकसिंगाची विधवा चंद कौर वेगळी. तिने 1840-41 मध्ये काही काळ सत्ता सांभाळली, 1842 मध्ये तिचा खून झाला. इंटरनेटवर या दोघी सर्रास एक होतात, मग तारखा जुळत नाहीत.

डिसेंबर 1845 ते फेब्रुवारी 1846 पहिलं युद्ध झालं. मुदकी, फिरोजशहर, अलीवाल, सोबरांव. शीख फौज कच्ची नव्हती, तिचे सेनापती लालसिंग आणि तेजसिंग फितूर होते. 9 मार्च 1846 च्या लाहोर तहात जालंधर दुआब गेला आणि दीड कोटी रुपये खंडणी लागली. एवढा पैसा खजिन्यात नव्हता, म्हणून एक कोटीच्या बदल्यात काश्मीर आणि हजारासह डोंगरी मुलूख लिहून घेतला. आठवड्याभरात, 16 मार्चला, अमृतसरला दुसरा तह करून काश्मीर जम्मूच्या गुलाबसिंगाला 75 लाख नानकशाही रुपयांत दिला. (आकडे जुळवताना नानकशाही आणि कंपनी रुपया वेगळे धरा. दोन्ही एकच समजून केलेल्या बेरजा चुकतात.) फौजेवर मर्यादा आली: 25 पायदळ पलटणी आणि 12 हजार घोडदळ.

खरी कळ मात्र त्याच वर्षीच्या डिसेंबरातल्या भैरोवाल तहात आहे. शिखांच्या इतिहासातला एकच कागद वाचायचा असेल तर हा वाचा. लाहोरात ब्रिटिश रेसिडेंट (दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी), त्याच्या हाताखाली आठ सरदारांचं मंडळ, ब्रिटिश फौजेच्या खर्चापोटी दरबाराने दरसाल 22 लाख द्यायचे. जिंद कौरला दीड लाखाची नेमणूक, म्हणजेच कारभारातून रजा. आणि मुदत? महाराज सोळा वर्षांचा होईपर्यंत, 4 सप्टेंबर 1854. तोवर राज्य अज्ञान मुलाचं आणि इंग्रज त्याचे पालक.

आईला बाजूला काढायला निमित्त मिळालं ऑगस्ट 1847 मध्ये. तेजसिंगाला 'राजा' हा किताब द्यायचा समारंभ होता. मुलाने त्याच्या कपाळी टिळा लावायला नकार दिला. हे आईनेच शिकवलं असं ठरलं आणि तिची रवानगी शेखूपुराच्या किल्ल्यात झाली. नेमणूक दीड लाखावरून 48 हजारांवर आली. मुलगा लाहोरातच राहिला, वय नऊ. पुढल्या वर्षी तिला पंजाबाबाहेर बनारसला आणि मग चुनारच्या किल्ल्यात ठेवलं. एप्रिल 1849 मध्ये ती दासीच्या वेषात तिथून निसटली आणि काठमांडूला पोचली. नेपाळचा पंतप्रधान जंगबहादूर राणाने आसरा दिला. ब्रिटिश अधिकारी तिला 'पंजाबची मेसालिना' म्हणत, म्हणजे रोमन इतिहासातली बदफैली राणी. कारभारी बाईचं चारित्र्य आधी काढायचं आणि मग तिचा हक्क, हा प्रकार आपल्याकडेही नवा नाही. त्या काळचे इंग्रजी कागद वाचताना विशेषणं बाजूला ठेवा आणि क्रियापदं पाहा. कुणी कुणाला कुठून कुठे हलवलं, एवढंच विश्वासाचं.

एप्रिल 1848 मध्ये मुलतानात दोन ब्रिटिश अधिकारी मारले गेले आणि बंड पसरलं. दुसऱ्या युद्धात 13 जानेवारी 1849 ला चिलियांवाला इथे ब्रिटिश फौजेचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून 2,300 हून अधिक जणांची हानी झाली. लंडनमध्ये हाहाकार उडाला. 21 फेब्रुवारीला गुजरातला (आपलं गुजरात नव्हे, चिनाबकाठचं गाव) निकाल लागला. आता कायद्याने पाहा. बंडखोर लढले ते लाहोरच्या सरकारविरुद्ध. ते सरकार चालवत होता ब्रिटिश रेसिडेंट. त्या सरकारचा धनी दहा वर्षांचा पोर, आणि त्याचे पालक इंग्रज. पालकाने बंड मोडलं आणि शिक्षा म्हणून पाल्याचंच राज्य घेतलं.

29 मार्च 1849 च्या कागदात पाच कलमं आहेत. पहिलं: महाराज स्वतःच्या आणि वारसांच्या वतीने सार्वभौमत्व सोडतो. दुसरं: सरकारी मालमत्ता जप्त. तिसरं: कोहिनूर इंग्लंडच्या राणीच्या हवाली करायचा. चौथं: वर्षाला चार लाखांपेक्षा कमी नाही आणि पाच लाखांपेक्षा जास्त नाही इतका तनखा. पाचवं: मानमरातब राहील, पण राहायचं गव्हर्नर जनरल सांगेल तिथे. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टात केंद्र सरकारच्या वकिलांनी कोहिनूर चोरलेला किंवा जबरदस्तीने नेलेला नाही असं सांगितलं, तेव्हा हे तिसरं कलम समोर ठेवलं असतं तर बरं झालं असतं. भेटवस्तूला तहात स्वतंत्र कलम लागत नाही.

कोहिनूर लाहोरहून डलहौसीने स्वतः मुंबईला आणला. 6 एप्रिल 1850 ला 'मेडिआ' या जहाजातून तो मुंबई बंदरातून निघाला. 1852 मध्ये लंडनला त्याला पुन्हा पैलू पाडले, तेव्हा वजन आजच्या कॅरटमध्ये 191 वरून 105.6 वर आलं. जुन्या पुस्तकांत 186 दिसतं ते जुन्या कॅरटमधलं. दोन मापं मिसळली की घट कमी भासते.

मुलाला फतेहगडला एका स्कॉटिश डॉक्टरच्या हवाली केलं. 1853 मध्ये तो ख्रिस्ती झाला, 1854 मध्ये इंग्लंडला गेला. आईची गाठ पडली थेट जानेवारी 1861 मध्ये, कलकत्त्याच्या स्पेन्सेस हॉटेलात, तेरा वर्षांनी. चीनच्या लढाईवरून परतलेल्या शीख पलटणींना हे कळलं आणि त्यांनी हॉटेलापाशी जयघोष केला. सरकारने दलीपसिंगाला लगेच इंग्लंडला परतायला सांगितलं. एवढी पलटणींची राजनिष्ठा पक्की होती म्हणतात, तरी एका थकलेल्या बाईची भीती गेली नव्हती.

या राजनिष्ठेबद्दल थोडं. सारागढी आज सगळ्यांना ठाऊक आहे: 12 सप्टेंबर 1897, 36 व्या शीख पलटणीचे 21 जवान. त्यांचं शौर्य वादातीत. पण चिलियांवाला कुणाला ठाऊक नाही, हे आपोआप घडलेलं नाही. साम्राज्यासाठी लढलेल्या शिखांची स्मारकं साम्राज्याने बांधली, साम्राज्याविरुद्ध लढलेल्यांची का बांधावीत? 1857 नंतर 'लढवय्या जमाती' ही कल्पना भरतीचं धोरण झाली. शीख रंगरुटाने अमृत (खालशाची दीक्षा) घ्यावं, केस राखावेत हे पलटणींनीच बंधनकारक केलं. केस आणि अमृत इंग्रजांनी दिलं असं म्हणणं मूर्खपणाचं ठरेल, ते 1699 चं आहे. पण 'शीख म्हणजे जन्मजात शिपाई' ही चौकट भरतीच्या पुस्तिकांतून पक्की झाली आणि तिच्यात न बसणारे बाहेर राहिले. आपल्याच राज्यातले शिकलगार, वंजारा आणि नांदेडचे दखनी शीख घ्या. त्यांना पाहून 'हेही शीख?' असं विचारणारा मराठी माणूस नकळत त्याच पुस्तिकेच्या भाषेत बोलत असतो.

आता नाशिक. जिंद कौर 1 ऑगस्ट 1863 ला लंडनमध्ये वारली. तिला दहन हवं होतं. ब्रिटनमध्ये तेव्हा दहनाची सोयच नव्हती, तिथलं पहिलं अधिकृत दहन 1885 मधलं. म्हणून शव केन्सल ग्रीन दफनभूमीत तात्पुरतं ठेवलं. 1864 मध्ये मुलगा ते घेऊन निघाला. पंजाबात न्यायची परवानगी मिळाली नाही, मुंबई इलाख्याची मिळाली. ज्या बंदरातून चौदा वर्षांपूर्वी हिरा गेला त्याच मुंबईला आईचं शव आलं आणि अंत्यसंस्कार झाले नाशिकला, गोदावरीकाठी. तिथे एक छोटी समाधी बांधली गेली. दलीपसिंगाने 1886 मध्ये एडनला पुन्हा अमृत घेऊन शीख धर्मात प्रवेश केला. तिथूनच त्याला परत फिरवलं, पंजाब त्यालाही पुन्हा दिसला नाही. 1893 मध्ये तो पॅरिसला वारला, दफन सफकमधल्या एल्व्हडेनला झालं.

नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत हे आपण अभिमानाने सांगतो, 2015 मध्ये पंजाबातल्या घुमानला साहित्य संमेलनही भरवलं. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याची वास्तू रणजितसिंगांनी 1832 ते 1837 दरम्यान उभारली. त्याच रणजितसिंगांच्या राणीला शेवटचा अग्नी नाशिकला मिळाला, हे मात्र गोदाघाटाच्या ओळखीत क्वचितच येतं. नाशिककरांनी तिथे एक ठळक फलक लावावा असं माझं मत आहे. मजकूर लिहिताना तीन गोष्टी सांभाळा. 'रणजितसिंगांची विधवा' एवढ्यावर थांबू नका, 'पंजाबची कारभारी राणी, 1843 ते 1846' असं लिहा. 'नाशिकला वारली' लिहू नका, ती लंडनला वारली आणि इथे पंजाब नाकारला म्हणून आली. आणि 'अस्थी इथे आहेत' असंही लिहू नका. 1924 मध्ये तिची नात राजकन्या बंबा हिने अस्थी लाहोरला नेल्या. त्या तिथे रणजितसिंगांच्या समाधीत आहेत.