टेन्शन सोडा, पण गोळ्या सोडू नका

व्हॉट्सॲपवर एक मजकूर खूप फिरतोय: एचआयव्हीत माणूस टेन्शनने मरतो, घरच्यांचं प्रेम मिळालं की सीडी-४ (रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) आपोआप वाढतो, गोळ्या बंद केल्या तरी चालतं, मनाने खचणारेच एड्सपर्यंत पोचतात.

पहिला मुद्दा अर्धाच खरा आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात जेन लेसरमन आणि सहकाऱ्यांनी ८२ बाधित पुरुषांचा साडेपाच वर्षं मागोवा घेतला. १९९९ साली त्यांनी मांडलं की ज्यांच्यावर ताण जास्त किंवा ज्यांना आधार कमी, त्यांना एड्स होण्याची शक्यता दुप्पट-तिप्पट होती. म्हणजे ताणाने आजाराचा वेग वाढतो. पण प्रेमाने विषाणू कुणाच्याही अंगातून गेला नाही.

गोळ्या बंद करण्याचं तर करून पाहिलेलं आहे. २००६ सालच्या ‘स्मार्ट’ नावाच्या औषध-चाचणीत ५,४७२ बाधित होते, सगळ्यांचा सीडी-४ ३५० च्या वर. ज्यांच्या गोळ्या मध्येमध्ये थांबवल्या, त्यांच्यात संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती घटली की गाठणारे) किंवा मृत्यूचा धोका अडीच पटींहून जास्त निघाला. विषाणू पेशींत दबा धरून असतो. औषध थांबलं की बहुधा काही आठवड्यांतच उसळतो.

मग आधार कशाला? गोळी रोज पोटात जावी म्हणून! घरात कळू नये म्हणून माणसं बाटलीवरचं लेबल खरवडतात, खुळखुळ होऊ नये म्हणून आत कापूस कोंबतात. पाहुणे आले की डोस चुकतो. एआरटी सेंटरला, म्हणजे या गोळ्या मिळतात त्या केंद्राला, जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, वर ‘कुठे गेली होतीस?’ला उत्तर शोधावं लागतं. अशा घरात एकाने जरी जेवणानंतर ‘गोळी घेतलीस ना?’ विचारलं, तरी ते लपवणं संपतं. सरकारी केंद्रांत २००४ पासून ही औषधं मोफत आहेत, पण ती चोरून गिळावी लागू नयेत, हे घरच्यांच्याच हातात आहे.

‘खचणारेच’ हा शब्द मला सर्वांत क्रूर वाटतो. अमेरिकेतच ७६५ बाधित स्त्रियांच्या अभ्यासात, २००१ साली, दीर्घकाळ नैराश्य असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे दुप्पट दिसलं. नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार होतात. आणि नवरा गेल्यावर सासरच्यांनी घराबाहेर काढलेल्या बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं, मन आनंदी ठेव? तिला त्या घरात राहण्याचा हक्क २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने दिला आहे, आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

हा मजकूर वाचून कुणी गोळ्या थांबवल्या असतील, तर आजच एआरटी सेंटर गाठा. नॅकोची (सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेची) १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे.