दोन इंचांची चीर

सिडकोच्या इमारतीत राहणाऱ्या माणसाला गळतीचं वेगळं शिक्षण द्यावं लागत नाही. वरच्यांचं बाथरूम आमच्या स्वयंपाकघरात आणि आमचं खालच्यांच्या देवघरात, असा गेली नऊ वर्षं घरोबा चालू आहे. त्यामुळे एप्रिलमधल्या एका रविवारी दिवाळे कोळीवाड्यात सासरे म्हणाले, "जावय, होरीला जराशी चीर परलीय. तुमी इंजिनेर ना, बघा," तेव्हा मी बिनधास्त उठलो. मी विम्याच्या हप्त्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. पण सासुरवाडीत इंजिनियर एकाच जातीचा असतो.

होडी फायबरची, अठरा फुटी. निवृत्तीनंतर सासऱ्यांनी ती जुनी विकत घेतली. हौसेपुरतं खाडीत जायचं, चार बोईट, दोन चिंबोऱ्या आणायच्या. या होडीला मागे सपाट उभी फळी असते, इंजिन टांगायची. तिला ट्रान्सम म्हणतात. उच्चारावरून वाद नको म्हणून आम्ही दोघांनी तिला पाट म्हणायचं ठरवलं. एरवी जावयाला पाटावर बसवतात, मला पाटामागे बसवलं.

चीर दोन इंचांची, इंजिनाच्या बोल्टाखाली. पुट्टी भरू, अर्ध्या तासात जेवायला बसू, असा माझा हिशेब. पण इंजिन हातानं हलवलं की ती चीर तोंड उघडायची आणि मिटायची. नुसता वरचा रंग तडकला असता तर तिनं असं तोंड चालवलं नसतं. चाळीसेक किलोचं ते इंजिन पाण्याला मागे रेटतं, त्याचा सगळा जोर या फळीवर येतो आणि फळी होडीला पुढे ढकलते. म्हणजे चीर पडायला जागा निवडली होती ती नेमकी हीच.

सासऱ्यांनी स्क्रू ड्रायव्हरची मूठ घेतली आणि कलिंगडवाल्याच्या गांभीर्यानं पाट ठोकायला सुरुवात केली. कडेला टण, टण. मध्यावर आले तर ढब. जरा सरकले, पुन्हा ढब.

"पिकलाय," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

पाट म्हणजे फायबरच्या दोन कातड्या आणि मध्ये प्लायवुड. फायबर सडत नाही, हे विकणारा मोठ्यानं सांगतो. प्लायवुड सडतं, हे कापल्यावर कळतं. ग्राइंडरनं आतली कातडी चौकोनात कापून काढली, तर आत चहाचा चोथा. काळा, ओला, मुठीनं निघणारा. लाकूड म्हणून जे काही उरलं होतं, ते सासूबाईंनी सुपलीत भरून तुळशीत टाकायची तयारी दाखवली.

पाणी शिरलं कुठून? मी भोकं मोजली. अकरा. दोरीच्या कडीची चार, दिव्याचं एक, बाटली उघडायच्या ओपनरची दोन (हे आधीच्या मालकाचं, असं सासरे म्हणाले, तेव्हा मेहुणा खाडीकडे बघत होता) आणि अगदी वर चार, एकवीरा आईच्या तसबिरीची. स्क्रू थेट लाकडात पिळलेले, सीलंटचा थेंब नाही. प्रत्येक भोक म्हणजे प्लायवुडला शहाळ्यात घातलेली नळी.

त्यात चीर दुरुस्त करण्याचं शास्त्र असं, की ती आधी मोठी करायची. तडकलेलं फायबर भरून उपयोग नसतो, ते घासून काढायचं आणि कडा उतरत्या न्यायच्या, साधारण जाडीच्या बारा पट. आमची कातडी पाच मिलिमीटर, म्हणजे चिरेच्या दोन्ही अंगांना साठ-साठ मिलिमीटर. संध्याकाळपर्यंत दोन इंचांच्या चिरेचा पसारा माझ्या दोन तळव्यांएवढा झाला होता आणि होडीला मागून आरपार बघता येत होतं.

फायबर म्हणजे काचेचे धागे, घासताना त्यांची धूळ उडते, हे मी वाचलं होतं. वाऱ्याची दिशा मात्र वाचली नव्हती. शेजारच्या अंगणात जवळा वाळत होता.

"आरं ए, आमचा जवला खाजरा करतंस काय रं!" अशी आरोळी आली आणि कोळीवाड्यातल्या बायका काय चीज आहेत ते मला पुढची दहा मिनिटं सविस्तर कळलं. त्यानंतरचं सगळं घासकाम ओल्या ताडपत्रीखाली झालं. खाडीतल्या फ्लेमिंगोंनी ते एका पायावर उभं राहून पाहिलं.

मग खाज. मान, मनगटं, कोपरांच्या आतल्या बाजू. सासूबाईंनी सुरणाच्या खाजेवरचा उतारा म्हणून कोकमाचं आगळ चोळलं. सुरणाचा स्वभाव आंबटानं निवत असेल, काच मात्र कोकमाला भीक घालत नाही. मी आता खाजणारा तर होतोच, वर सोलकढीसारखा दिसतही होतो. शेवटी गार पाण्याची आंघोळ आणि चिकटपट्टी लावून उपटणं, एवढंच कामी आलं.

पुढच्या शनिवारी तुर्भ्याला गेलो. रेझिन म्हणजे फायबर धरून ठेवणारा चिकट द्रव, साडेचारशेची मॅट म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई, चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅमची, आणि रोव्हिंग म्हणजे त्याच धाग्यांचं विणलेलं जाड कापड. रेझिन घट्ट करणाऱ्या कॉबल्ट आणि कॅटॅलिस्टच्या दोन बाटल्या दुकानदारानं दोन वेगळ्या पिशव्यांत बांधल्या. "शेठ, हे दोघे थेट भेटले तर भडका. आधी रेझिनमध्ये कॉबल्ट, नीट ढवळा, मगच कॅटॅलिस्ट." लग्नात दोन विहिणींमध्ये एक आत्याबाई बसवतात, ते तत्त्व रसायनशास्त्रातही आहे याचं मला बरं वाटलं.

कॅटॅलिस्ट टक्का-दोन टक्के. मी कमी पडायला नको म्हणून दोन घातलं, मे महिन्यात, भर दुपारी, अर्धा लिटर रेझिनमध्ये, बाथरूमच्या मगात. रेझिन घट्ट होताना तापतं. पातळ पसरलं तर ती उष्णता निघून जाते, मगात मात्र कोंडते आणि कोंडलेली उष्णता रेझिनला आणखी घाई करते. मी मॅटचा तुकडा कापून वळेपर्यंत मगात जेली झाली होती, जेलीतून धूर येत होता आणि मग शरमेनं एका बाजूला कलला होता. ब्रश त्यात उभा. तो अजून उभा आहे. सासूबाई त्या ऐवजाला मागच्या दाराची अडण म्हणून वापरतात.

तिथून पुढे पहाटे साडेसहाला, एक टक्का, दोनशे-दोनशे ग्रॅम आणि पसरट परातीत. (परातही गेली.) सातशे दहाच्या, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचे अठरा मिलिमीटरचे दोन थर एकमेकांना चिकटवून बसवले, कापलेल्या कडांना रेझिन पाजलं, वर मॅट, रोव्हिंग, परत मॅट. प्रत्येक थरातला बुडबुडा रोलरनं ढकलत काठापर्यंत न्यायचा. मी हप्त्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका इतक्या आस्थेनं कधी शोधल्या नाहीत. अकराच्या अकरा भोकं कायमची गेली. मूठ घेऊन सासऱ्यांनी पाट ठोकला. टण, टण, मध्येही टण. ते काही बोलले नाहीत, पण जेवताना बोइटाचं डोकं माझ्या ताटात पडलं.

दुसऱ्या रविवारी होडी पाण्यात गेली. पाट कोरडा. मी धक्क्यावर चहा घेत उभा, आणि मागून घुर्र आवाज आला. सासऱ्यांच्या एका हातात ड्रिल, बगलेत तसबीर. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडलो.

ते थांबले. मी खिशातून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप काढली. पाण्यातसुद्धा सुटत नाही, भोक लागत नाही, असं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी टेपकडे पाहिलं, तसबिरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आईला टेपवर चिकटवता तुमी?"

मी चहा खाली ठेवला, चार भोकं माझ्या हातानं पाडली आणि सीलंट आणायला गेलो.