सायक्लोनचा शंकू जाड लोखंडीच हवा? त्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस नाशिकच्या सुतारकाम करणाऱ्यांत एक मेसेज फिरतोय. भुसा ओढणाऱ्या घरगुती सायक्लोनबद्दल त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात. (सायक्लोनमध्ये भुशाची हवा वरच्या सिलिंडरात आणि त्याखालच्या शंकूत गरगर फिरते, भुसा खालच्या बादलीत पडतो आणि हवा पुढे जाते.) प्लास्टिकच्या शंकूत स्थिर विजेची ठिणगी पडून स्फोट होतो, म्हणून शंकू लोखंडीच हवा. पत्रा किमान २ मिमी हवा, नाहीतर तो चेपतो. प्लास्टिक वापरायचंच असेल तर बाहेरून तांब्याची तार गुंडाळा. आणि असा पक्का सायक्लोन बसवला की मास्क लागत नाही. हा मेसेज वाचून माझ्या ओळखीच्या दोन पोरांनी अर्धवट झालेलं काम सोडून दिलं, म्हणून हे लिहितोय.

आधी स्फोटाचं. लाकडाची बारीक पूड पेटते, हे खरं आहे. जानेवारी २०१२ मध्ये कॅनडातल्या बर्न्स लेक इथल्या लाकूड गिरणीत स्फोट होऊन दोन कामगार गेले. पण तिथे पेटली ती इमारतीत साचून राहिलेली पूड. पुडीचा स्फोट व्हायला हवेत तिचं प्रमाण दर घनमीटरला साधारण ४० ग्रॅमच्या वर जावं लागतं. मिनिटाला १५ घनमीटर हवा ओढणारा ब्लोअर धरा. त्याच्या पाइपात एवढं प्रमाण व्हायला मिनिटाला ६०० ग्रॅम पिठासारखी पूड आत यायला हवी. व्हॅक्यूम क्लीनर मिनिटाला दोन घनमीटर ओढत असेल, तर ८० ग्रॅम. हातातला ऑर्बिटल सँडर, म्हणजे लाकूड घासायचं मशीन, याच्या आसपासही जात नाही.

आता ठिणगीचं. इथे मेसेजने गोष्ट उलटी केलीय. प्लास्टिक विजेचं वाहक नाही, त्यामुळे त्यावरचा विजेचा भार जिथल्या तिथे अडकून राहतो. बोट लावलं तर तेवढ्याच जागेचा सुटतो. लोखंडी शंकूवर तोच भार सगळीकडे पसरतो आणि वाट मिळाली की एका ठिणगीत सगळा बाहेर पडतो. शंकू लोखंडी, खाली प्लास्टिकची बादली, वर प्लास्टिकचा पाइप आणि अर्थिंग कुठेच नाही, अशी जोडणी मी दोन-तीन ठिकाणी पाहिली आहे. तिच्यात प्लास्टिकच्या शंकूपेक्षा मोठी ठिणगी पडू शकते. म्हणजे लोखंड वापरलंत तर अर्थिंग केलंच पाहिजे, आणि ते मल्टीमीटरने तपासायला हवं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, हवा कोरडी असते, तेव्हा झटके जास्त बसतात. जुलैत तोच पाइप गप्प असतो.

छोट्या वर्कशॉपमधली खरी आग ग्राइंडरच्या ठिणग्यांनी लागते. लोखंड घासलं आणि तोच पाइप भुशाच्या बादलीला जोडलेला असला, तर एखादी ठिणगी भुशात जाऊन तासन्‌तास धुमसते. शंकू कशाचाही असो, लोखंडाच्या कामाला वेगळी बादली ठेवा आणि भुसा रोज रिकामा करा.

तांब्याच्या तारेचं थोडक्यात सांगतो. बाहेरून गुंडाळलेली तार आतल्या पृष्ठभागावरचा भार काढू शकत नाही. हाताला बसणारा झटका थोडा कमी होतो, तेवढ्यासाठी हवी तर गुंडाळा.

जाडीच्या मुद्द्यावर मात्र जरा थांबायला हवं, कारण यात पैसे आणि मेहनत दोन्ही वाया जातात. समजा शंकूच्या वरच्या सिलिंडरचा व्यास ३०० मिमी आहे. नेहमीच्या प्रमाणाने शंकूची उंची व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ६०० मिमी, आणि खालचं तोंड व्यासाच्या पावपट, म्हणजे ७५ मिमी. हा शंकू ०.६ मिमी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्यात पावणेदोन किलोच्या आत बसतो. २ मिमीत तोच साडेपाच किलोच्या वर जातो, आणि हाताने वळतच नाही. मग सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा वळवणारा रोलिंग मशीनवाला शोधत फिरावं लागतं. ०.६ मिमीचा पत्रा लोखंडी पाइपावर दाबत दाबत घरी वळवता येतो.

आणि चेपतं काय? गोलाई असलेला शंकू ओढ चांगली सोसतो. चेपतात ती सपाट झाकणं आणि ड्रमच्या भिंती. घरगुती व्हॅक्यूमचं तोंड पूर्ण बंद झालं तर साधारण २० किलोपास्कलपर्यंत ओढ तयार होते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर तो भार १४० किलोच्या पुढे जातो. द्राक्षबागेतल्या निळ्या २०० लिटर ड्रमच्या झाकणावर पाचशे किलोच्या वर. माझी रंगाची २० लिटरची बादली अशीच एका क्षणात आत गेली होती. पाइपाच्या तोंडात लाकडाचा तुकडा अडकला होता. शंकूला ओरखडासुद्धा नव्हता. तेव्हा १८ मिमी प्लायचं झाकण करा, बादलीत आतून रिंग द्या. ब्लोअर वापरत असाल तर ओढ याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते, तिथे एवढी चिंता नाही.

त्याच कारणाने रस्त्यावरचा मऊ नारिंगी ट्रॅफिक कोन शंकू म्हणून वापरणं मी टाळतो, व्हॅक्यूमखाली तो पिचकतो. कडक प्लास्टिक चालतं. पॉलिकार्बोनेट मला सगळ्यात आवडतं, भुसा कुठे अडला ते दिसतं. अॅक्रिलिकला ड्रिल मारताना चिरा जातात.

जीआय घेतलात तर कापायचं माप असं: बाहेरची त्रिज्या ८१४ मिमी, आतली २०३.५, कोन ६६.३ अंश, शिवाय सांध्याला १२ मिमी. तीन बाय सव्वादोन फुटाच्या तुकड्यात बसतं. पत्रा गेजमध्ये (जाडीच्या नंबरात) न मागता मिमीत मागा, गेजचे तक्ते एकसारखे नसतात. वेल्डिंग करू नका, जस्ताचा धूर फुप्फुसात जाऊन ताप येतो. पॉप रिवेट आतल्या बाजूने घाला, म्हणजे चपटं डोकं आत राहतं. सांध्याची कड फिरत्या हवेच्या तोंडावर येऊ देऊ नका, तिथे भुसा अडतो. वरून डाक (सोल्डर) द्या किंवा सिलिकॉन भरा.

मास्कचा मुद्दा मात्र सरळ धोकादायक आहे. घोटीच्या भातगिरण्यांत कोंडा वेगळा करायला सायक्लोन चालतात, कारण कोंडा जाड असतो. घरगुती सायक्लोन दहा मायक्रॉनच्या खालची बरीचशी पूड हवेबरोबर पुढे सोडतो, आणि छातीत खोल जाते ती हीच. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलंय. पुढे हेपा फिल्टर (अगदी बारीक धूळ अडवणारा) लावा, नाहीतर हवा बाहेर सोडा. सँडिंग करताना आणि बादली रिकामी करताना एन९५ घालाच.

आणि मेसेजमध्ये नसलेली गोष्ट: शंकूच्या खालच्या तोंडाशीही दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. बादलीचं झाकण जरा जरी गळलं तर तिथून हवा आत घुसते आणि खाली पडलेला भुसा परत वर उचलते. मग शंकू २ मिमीचा असो की प्लास्टिकचा, फिल्टर भरणारच. पहिल्यांदा चालू करताना, भुशाचा कणही आत नसताना, प्रत्येक सांध्याजवळून पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथे आत वळला तिथे सिलिकॉन भरा.