कॅमेरा लावा अन् तालुकाभर दिसा

घरावर, गोठ्यावर, कापसाच्या गोडाऊनवर कॅमेरा लावायचा विचार करून राहिले का भाऊ? लावाच. संत्र्याच्या बगीच्यातल्या मोटरीले मोबाईलवाला स्टार्टरही बसवून घ्या. फक्त बसवताना पुढच्या गोष्टी पाळा, सल्ला फुकट आहे.

पहिलं म्हणजे पासवर्ड मागू नका. बसवणारा पोट्टा शिडीवरून उतरला की त्याले चहा पाजा, पैसे मोजा, तो तुमच्या मोबाईलमधे ॲप टाकून देते, झालं. पासवर्ड विचारलाच तर "काका, तुमाले काय कराचा, मी आहो ना" म्हणते. आहेच तो! मागच्या आठवड्यात बिल घ्यायला तालुक्याले त्याच्या दुकानात गेलो तर भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर आमचं अंगण चालू. आई खाटेवर कुरडया टाकून राहिली, बायको केस धुवून उन्हात बसली, अन् काउंटरपुढं दोन अनोळखी गिऱ्हाईकं तोंड वर करून पाहून राहिले. पोट्टा त्यांना सांगते, "पहा, कुरडईचा तार न् तार दिसते." मला पाहून लाजला असेल असं वाटते का? उलट म्हणते, "काका, डेमोले तुमचाच ठेवतो, ॲंगल बेस्ट आहे." मग बटन दाबून त्यानं शेजारच्या दोन गावांचे गोठे, एक किराणा दुकान अन् कोणाचं तरी माजघर दाखवलं. सगळ्यांचा पासवर्ड एकच, ॲडमिन अन् १२३४५.

पण घाबरू नका. हा पासवर्ड फक्त त्या पोट्ट्याले माहीत आहे, अन् जगातल्या यच्चयावत चोरट्यांना. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसनं असेच कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड लावून पाहत लाखो कॅमेरे, त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारे डबे म्हणजे डीव्हीआर, अन् राउटर ताब्यात घेतले, अन् त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला असल्या फौजेनं अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स बंद पाडलं. एवढं कर्तृत्व त्या डब्याचं, अन् तुम्ही त्याच्यावर जाळं चढू देता.

अपडेटचा मेसेज आला की पुसून टाका.

जुना डीव्हीआर भंगारवाल्याले हार्डडिस्कसकट द्या, वजन चांगलं भरते.

जिनिंगवाल्यांनी मशीन चालवायच्या पॅनलचा पासवर्ड पॅनलच्या दारावरच मार्करनं लिहून ठेवावा, नवीन ऑपरेटरची पंचाईत नको. अन् इंजिनिअरले घरबसल्या मशीन दिसली पाहिजे म्हणून पॅनल थेट इंटरनेटवर. नोव्हेंबर २०२३ मधे पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपा इथं पाण्याच्या बूस्टर पंपाचा कंट्रोलर हॅकरांनी ताब्यात घेतला, पंप हातानं चालवायची वेळ आली. त्या कंट्रोलरचा कारखान्यातून येणारा पासवर्ड काय, तर ११११. आमच्या शिवारातल्या स्टार्टरांचा १२३४ आहे, म्हणजे आपण अमेरिकेच्या पुढंच.

अन् कोणी काही बोललं तर ठरलेलं उत्तर द्या, "आपल्या घरी चोराले काय भेटन?"

अरे, घरात बाया-पोरी राहतात ना! राजकोटच्या एका प्रसूती दवाखान्यातल्या तपासणीचं फुटेज कॅमेरे हॅक करून टेलिग्रामवर विकल्या गेलं, फेब्रुवारी २०२५ मधे ते उघडकीस आलं. तिथून काय सोनं चोरलं होतं? ब्रिटननं २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या मालाले एकच सोपा पासवर्ड देणं बेकायदेशीर केलं. आपल्याकडंही एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीची सुरक्षा तपासणी लागू झाली, पण आधीच भिंतीवर टांगलेल्यांचं काय, अन् चांगल्या कॅमेऱ्यातही १२३४५ टाकून मोकळा होणाऱ्याचं काय? पैसे आमचे, भिंत आमची, वीजबिल आमचं, अन् चावी तुझ्या खिशात? कोण रे तू? कोणाले विचारून दाखवलं? शिडी अन् ड्रिल मशीन आली म्हणजे धंदा येत नाही, ज्याच्या घरात घुसतो त्याची थोडी तरी शरम ठेव.

अन् तुम्हीही मोबाईल खाली ठेवा अन् आजच त्याले घरी बोलवा. पासवर्ड समोर बदलून घ्या, तो बदलताना त्याले तिकडं तोंड करून उभं करा, त्याच्या मोबाईलमधून तुमचा कॅमेरा काढायला लावा. कुरकुर केली तर उरलेले पैसे देऊ नका.