मोठ्या बायप्लेनला ‘जेवढा सीसी जास्त तेवढं सेफ’? मुद्देसूद उत्तर

रिमोट कंट्रोलच्या क्वार्टर स्केल (खऱ्याच्या चौथ्या भागाएवढ्या) बायप्लेनसाठी, म्हणजे वर-खाली दोन पंखांच्या मॉडेल विमानासाठी, पेट्रोल इंजिन कोणतं घेऊ असं कुणी विचारलं की हल्ली एकच सल्ला सगळीकडे फिरतोय, आणि तो इतक्यांदा फॉरवर्ड झालाय की नवीन माणसाला तो नियमच वाटतो. सल्ला थोडक्यात असा: दोन पंख म्हणजे डबल ड्रॅग (हवेचा अडथळा), म्हणून पॉवर डबल, सरळ 55 सीसी घ्या. थ्रस्ट, म्हणजे पुढच्या पंख्याची (प्रॉपची) ओढ, विमानाच्या वजनाच्या दीडपट हवी, वजनकाट्याला बांधून मोजा. इंजिन जेवढं हलकं तेवढं चांगलं. मोठा प्रॉप जमिनीला लागत असेल तर छोटा लावा, आरपीएम भरून काढेल. काउलिंग (इंजिनावरचं कव्हर) पुढून उघडं असलं की कूलिंगची काळजी नाही. तेल जरा जास्तच घाला. आणि पॉवर जास्त वाटली तर थ्रॉटल कमी ठेवा, असलेली बरी.

यातला प्रत्येक मुद्दा मला खटकतो, कारण या सल्ल्यावर लोक हिवाळाभर खपून बांधलेलं विमान पहिल्याच दिवशी मोडून बसतात.

आधी ते ‘डबल ड्रॅग, डबल पॉवर’ घेऊ. टायगर मॉथ बघा. खऱ्या टायगर मॉथला जिप्सी मेजर इंजिन, 130 एचपी, पूर्ण भरलेलं वजन 828 किलो, टॉप स्पीड ताशी 175 किमीच्या आसपास. आता क्वार्टर स्केलला आणा. विंगस्पॅन 8.94 मीटरचा चौथा भाग म्हणजे सव्वादोन मीटरच्या जवळ, वजन 64 ने (4 गुणिले 4 गुणिले 4) भागायचं म्हणजे 13 किलोच्या आत, आणि मॉडेल हवेत खऱ्यासारखं दिसावं तर स्पीड निम्मा, म्हणजे 87-88 किमी. पॉवर म्हणजे जोर गुणिले वेग, त्यामुळे ती 64 गुणिले 2 म्हणजे 128 ने भागायची. 130 भागिले 128. एक एचपी! बरं, छोट्या आकाराला हवा जरा जास्त त्रास देते, छोटा प्रॉप खऱ्या प्रॉपइतका एफिशियंट नसतो आणि कंपनीच्या कागदावरची एचपी प्रत्यक्ष प्रॉपवर कधीच पूर्ण मिळत नाही, म्हणून दुप्पट घ्या, तिप्पट घ्या, तरी 30-35 सीसीचं टू-स्ट्रोक पोटभर होतं आणि वजन आटोक्यात ठेवलं तर 25 सीसीचं फोर-स्ट्रोकसुद्धा हे विमान मस्त उडवतं. डीएलई 55 हे 55 सीसीचं इंजिन कागदावर साडेपाच एचपी देतं, म्हणजे स्केलच्या पाचपटीहून जास्त, आणि ती एक्स्ट्रा पॉवर जाते कुठे तर तारा, स्ट्रट आणि चाकं हवेतून ढकलण्यात. ड्रॅग स्पीडच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी पॉवर घनाने, त्यामुळे पॉवर डबल केली तरी टॉप स्पीड जेमतेम सव्वापट होतो. बायप्लेनला ड्रॅग जास्त असतो हे खरंच आहे, पण त्यावर उपाय म्हणजे सावकाश उडणं, आणि ही विमानं बनलीच होती सावकाश उडायला.

हा सल्ला मुळात थ्रीडीवाल्यांकडून, म्हणजे हवेत उभं लटकवण्याच्या कसरती करणाऱ्यांकडून, आलाय असं माझं स्पष्ट मत आहे. आठेक किलोचं थ्रीडी मोनोप्लेन प्रॉपवर लटकवायचं तर थ्रस्ट वजनापेक्षा जास्त लागतोच, तिथे 50-55 सीसी बरोबर आहे. पिट्ससारखं अॅरोबॅटिक बायप्लेन असेल तर तिथेही मी वाद घालणार नाही. पण टायगर मॉथ, पप, कॅमल, स्टिअरमन यांना तोच नियम लावायचं कारण काय?

दुसरा मुद्दा काट्याचा. विमानाची शेपटी काट्याला बांधून फुल थ्रॉटल द्यायचं आणि आकडा दाखवायचा. हा आकडा विमान उभं असतानाचा आहे, उडताना प्रॉपसमोर हवा आधीच मागे धावत असते आणि थ्रस्ट उतरतो, किती उतरतो ते पिचवर (एका फेऱ्यात प्रॉप जेवढा पुढे सरकेल त्या अंतरावर) ठरतं. घरी करायचा हिशोब सोपा आहे, पिच इंचात गुणिले आरपीएम गुणिले 0.001524, उत्तर ताशी किमीमध्ये. 8 इंच पिच 6500 ला फिरला तर 79 किमी, 10 इंच पिच 6800 ला फिरला तर 104 च्या जवळ. टायगर मॉथ 55-60 ने रमत उडतो, त्याला 79 वाला प्रॉप छान पकड देतो, म्हणजे थ्रॉटल पुढे केलं की लगेच ओढतो आणि मागे घेतलं की फिरत्या प्रॉपच्या चकतीचा (डिस्कचा) ब्रेकही लागतो. 104 वाल्या प्रॉपची अर्धी मेहनत अशा स्पीडसाठी जाते जिथे हे विमान कधी पोचणारच नाही, आणि उतरताना आयडलवरही तो जास्त पिच विमानाला पुढे ढकलत राहतो. त्यामुळे थ्रस्टचा आकडा सांगताना प्रॉपचा साइज आणि आरपीएम सांगत नसतील तर तो आकडा सोडून द्या.

यातूनच पुढचा मुद्दा, छोटा प्रॉप आणि जास्त आरपीएम. हा मला सगळ्यात घातक वाटतो, खास करून गोल काउलिंगवाल्या पहिल्या महायुद्धातल्या विमानांसाठी. क्वार्टर स्केल पपचं काउलिंग समजा 9 इंची आहे. त्याच्यापुढे 16 इंची प्रॉप लावला तर डिस्कच्या क्षेत्रफळाचा 32 टक्के भाग सरळ काउलिंगवर आपटतो. 20 इंची लावला की तोच भाग 20 टक्क्यांवर येतो. प्रॉपचा मधला भाग फारसं काम करत नाही हे मान्य, पण छोट्या प्रॉपमध्ये काउलिंगच्या बाहेर उरलेलं पातं असतंच किती, साडेतीन इंच! वरून नियम असा की तेवढ्याच पॉवरमध्ये जास्त हवा हळू ढकलली तर कमी स्पीडला थ्रस्ट जास्त मिळतो, थोडी हवा जोरात ढकलली तर आवाज जास्त मिळतो. म्हणून मी तर म्हणतो क्रम उलटा करा, आधी विमानाच्या चाकांची उंची बघून जास्तीत जास्त किती इंची प्रॉप बसतो ते ठरवा, शेपटी वर उचलल्यावर, म्हणजे फ्यूजलाज आडवं असताना, प्रॉपखाली दोन-तीन इंच मोकळे राहायला हवेत कारण आपली ग्राउंडं काही बिलियर्डचं टेबल नसतात, आणि मग तो प्रॉप 6500 ते 7000 ला आरामात फिरवणारं इंजिन शोधा. सीसी शेवटी येतो. फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनं, सायटोची एफजी सिरीज वगैरे, इथेच भाव खाऊन जातात, मोठा प्रॉप कमी आरपीएमला ओढतात आणि आवाजही विमानाला शोभतो. महाग आहेत, ते खरं.

आता ‘हलकं तेच चांगलं’. याचं उत्तर विमानाच्या नाकावर आहे. टायगर मॉथचं नाक लांब, तिथे हलकं इंजिन बहुतेक वेळा चालून जातं. पप आणि कॅमलचं नाक मात्र अगदी आखूड, कारण खऱ्या विमानात तिथे भलंमोठं रोटरी इंजिन होतं. पपचं 80 एचपीचं ल रोन शंभर किलोच्या वर आणि रिकामं विमान 357 किलो, म्हणजे पाव हिश्शाहून जास्त वजन एकट्या इंजिनाचं! कॅमलमध्ये तर इंजिन, बंदुका, पेट्रोल, पायलट सगळं पहिल्या सातेक फुटांत कोंबलेलं. आपण त्याच नाकात किलोभराचं आधुनिक इंजिन लावतो आणि मग सीजी (विमानाच्या तोलाचा बिंदू) मागे जातो म्हणून शिसं भरतो. आमच्या ग्राउंडवर एका पपचं काउलिंग उघडलं तेव्हा आत फायरवॉलला (इंजिन ज्यावर बसतं त्या फळीला) शिशाच्या पट्ट्या एकावर एक बोल्ट केलेल्या होत्या, पाऊण किलो तरी सहज, आणि मालक कौतुकाने सांगत होता की इंजिन किती हलकं मिळालं. तेवढ्याच वजनात त्याला मॅग्नेटोवालं जुन्या पद्धतीचं झेनोआ बसलं असतं, ज्याला इग्निशनची वेगळी बॅटरी लागत नाही, किंवा जड पण स्मूद असं फोर-स्ट्रोक. शिसं काही ओढत नाही ना.

आणि वजन वाचवायचंच असेल तर शेपटीत वाचवा. सीजीपासून इंजिन 30 सेंमी पुढे आणि शेपटी 110 सेंमी मागे असेल तर शेपटीतले 100 ग्रॅम नाकातल्या 370 ग्रॅमच्या जवळ पडतात. टेलव्हीलची जाड तार, एलिव्हेटरचं भरीव लाकूड, रडरवर चोपडलेला रंग, तिथे हात आखडता घ्या. इंजिन मात्र विमान बांधायच्या आधी ठरवा आणि वजन करताना मफलर, इग्निशन बॉक्स, बॅटरी, माउंट, प्रॉप सगळं काट्यावर ठेवा, जाहिरातीतला आकडा नुसत्या इंजिनाचा असतो.

कूलिंगचं बघा. पुढून उघडं काउलिंग म्हणजे हवा आत जाते, पण सिलेंडरच्या फिन्समधून (थंड होण्यासाठीच्या पात्यांमधून) जाते का? हवा नेहमी सोपी वाट धरते. पपच्या मोठ्या गोल तोंडातून आत आलेली हवा सिलेंडरला वळसा घालून निघून जाते, किंवा बाहेर पडायला जागा नसेल तर आतच कोंडते आणि नवीन हवा तोंडावरूनच परत फिरते. इंजिन ग्राउंडवर छान चालतं, वर गेल्यावर पाच मिनिटांनी मंदावतं, आणि माणूस कार्बची नीडल (मिक्स्चरचा स्क्रू) फिरवत बसतो. करायचं एवढंच की पातळ प्लायची एक चकती काउलिंगच्या आत बसवा, काळा रंग द्या, वर डमी इंजिन चिकटवा, आणि फक्त सिलेंडरसमोर फिन्सच्या रुंदीची खिडकी कापा. खिडकीच्या दोन्ही कडांपासून मागे पत्र्याच्या पट्ट्या न्या, फिन्सपासून चारेक मिलिमीटर अंतर ठेवून सिलेंडरला कवेत घेतील अशा. बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेच्या दुप्पट ते अडीचपट, काउलिंगच्या खालच्या मागच्या कडेला. एवढं केलं तर बंदिस्त काउलिंगमध्येही पेट्रोल इंजिन थंड चालतं.

तेलावर फार वेळ घालवत नाही. मॅन्युअल 30:1 किंवा 40:1 (पेट्रोल:तेल) सांगतं तेवढंच घाला, चांगलं टू-स्ट्रोक तेल. त्याच जेटमधून जास्त तेल गेलं म्हणजे तेवढं पेट्रोल कमी गेलं, मिक्स्चर उलट लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), शिवाय प्लग काळा. त्यापेक्षा आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या इथेनॉलवाल्या पेट्रोलची काळजी करा. ते पाणी ओढून घेतं आणि कार्बमधला डायफ्राम, साधी रबरी नळी कडक करतं. फ्लाइंग संपलं की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. मिक्स्चर महिनोन्‌महिने साठवू नका.

राहिलं ‘थ्रॉटल कमी ठेवा, पॉवर असलेली बरी’. पॉवर संकटातून काढते हा समज मोनोप्लेनवर थोडाफार चालतो. बायप्लेनचं संकट वेगळं असतं. इंजिन बंद पडलं की एवढ्या ड्रॅगमुळे स्पीड झपकन उतरतो, नाक लगेच खाली घालावं लागतं, ग्लाइड फारसा नाहीच. म्हणून बायप्लेनला हवं असतं ते हळू पण न अडखळता आयडल करणारं, थ्रॉटल दिल्यावर न गुदमरता उचलणारं इंजिन, कारण लँडिंगही थोडी पॉवर ठेवूनच करायचं असतं. मोठं सिंगल सिलेंडर कमी आरपीएमला जास्त हादरतं, आणि तो हादरा कबान स्ट्रटचे (वरचा पंख फ्यूजलाजला धरणाऱ्या खांबांचे) स्क्रू, तारांचे क्लेविस (टोकाच्या कड्या), टाकीची नळी सगळ्यांना सैल करतो. टेकऑफला तर अजून वाईट, चाकं जवळजवळ, शेपटी खाली, त्यात 55 सीसी एकदम उघडलं की विमान डावीकडे फिरतं, रडर पुरत नाही आणि खालच्या पंखाचं टोक मातीत. अशी टेकऑफ बघितलेला कुणीही ‘असलेली बरी’ म्हणणार नाही.

ज्यांनी आधीच 55 घेऊन ठेवलंय त्यांनी एकतर ते पुढच्या थर्ड स्केलसाठी कपाटात ठेवावं, किंवा बसवायचंच तर फायरवॉल आतून ट्रायस्टॉक (तिकोनी लाकडी पट्ट्या) आणि फायबरने मजबूत करून, कमी पिचचा आणि जमिनीला न लागणारा मोठ्यात मोठा लाकडी प्रॉप लावून, ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटल कर्व्ह असा ठेवावा की स्टिकच्या पहिल्या अर्ध्या भागात इंजिन हळूहळूच उघडेल. टेकऑफला तीन-चार सेकंद घेत थ्रॉटल पुढे न्या, उजवा रडर आधीपासून तयार ठेवा, आणि शेपटी उचलली की तेवढ्या थ्रॉटलवरच विमान जमीन सोडतंय का ते बघा. बहुतेक वेळा सोडतं.