शेवटची पंधरा मिनिटं

डेव्हिड सुशे या नटाने १९८९ ते २०१३ या काळात अगाथा ख्रिस्तीच्या गुप्तहेर प्वारोच्या टीव्ही मालिकेचे ७० भाग केले आणि त्यातले बहुतेक मी पाहिलेत असं मी सगळ्यांना सांगते, पण खरं सांगायचं तर मी ते शेवटची पंधरा मिनिटं वगळून पाहिलेत. म्हणजे खून पाहिलाय, खुनी पाहिलेला नाही.

कारण आमच्या सासूबाई. रात्री साडेनऊला ओटा पुसून झाला की मी टीव्ही लावते आणि आई सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात पाय वर घेऊन बसतात. तो सॅक्सोफोन वाजतो, मिशीवाला दिसतो, आई म्हणतात आला गं तुझा बाबा, आणि दहाव्या मिनिटाला कोणीतरी श्रीमंत म्हातारा भर जेवणात जाहीर करतो की मी उद्या मृत्युपत्र बदलणार. (हे लोक असं टेबलावर का सांगतात मला कळत नाही, आमच्या मोठ्या काकांचं मृत्युपत्र ते गेल्यावर चार वर्षांनी गादीखाली सापडलं आणि काका शेवटपर्यंत सुखाने जगले.) तर म्हातारा हे बोलून दुधाचा पेला घेऊन वर झोपायला जातो आणि इकडे आईंची मान पडते. पुढचा सगळा तपास, तुटलेलं घड्याळ, बागेतले बुटांचे ठसे, इन्स्पेक्टर जॅपचं चुकीच्या माणसाला पकडणं, सगळं आईंच्या घोरण्याच्या साथीवर होतं. हलवून उठवलं तर म्हणतात, "झोपले नाहीये, डोळे मिटून ऐकतेय." इंग्रजीत. आवाज सातवर.

आणि मग तो क्षण येतो. प्वारो सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करतो. आता आमच्याकडे बारशाच्या फोटोला सगळे एका खोलीत येत नाहीत, एक आला की दुसरा चार्जर शोधायला जातो, पण तिकडे आठ संशयित शिस्तीत खुर्च्यांवर बसतात आणि एकही म्हणत नाही की मला उशीर होतोय. जॅप दाराशी, प्वारोचा मित्र हेस्टिंग्ज चेहऱ्यावर काहीच न कळल्याचा भाव घेऊन फायरप्लेसपाशी. प्वारो आधी प्रत्येकावर आळ घेणार, मग एकेकाला सोडणार, त्यामुळे इथे एक वाक्य हुकलं की संपलं. तो घसा साफ करतो आणि माझ्या उजवीकडून टक्क जागा आवाज येतो.

"हा कोण?"

"कर्नल आहे आई."

"मगाशी मेला तो?"

"नाही हो, मेला त्याचा भाऊ."

"मग ही कोण?"

"मेलेल्याची बायको."

"अगं बाई! नवरा जाऊन दोन दिवस नाही झाले आणि मोत्याची माळ घालून बसलीये? हिनेच मारलं."

मी पॉज करते, सांगते, परत लावते, तेवढ्यात नवरा आतून येऊन विचारतो पाणी भरून ठेवलंय का, आणि मी वळून बघते तर कर्नलला बेड्या. का, कशा, काही पत्ता नाही. रिवाइंड करावं तर साडेअकरा झालेले असतात आणि सकाळी डबा असतो.

मध्ये मी 'फॉइल्स वॉर' ही दुसरी मालिका लावून बघितली, दुसऱ्या महायुद्धातलं इंग्लंडमधलं हेस्टिंग्ज नावाचं गाव, मितभाषी पोलीस अधिकारी, वाटलं शांत आहे तर एकदाच काय ते झोपतील. पण त्यात रेशनिंग निघालं! १९४० साली तिकडे लोणी, साखर, बेकन मापात मिळायला लागलं आणि एका भागात तर पोलीस स्टेशनात सोडतीचं बक्षीस म्हणून ठेवलेला कांदाच चोरीला जातो. आई ताठ बसल्या. खून कोणाचा झाला ते त्यांना आजही माहीत नाही, पण कांद्याची चौकशी तीनदा केली.

तेव्हा मला हिंट मिळाली, म्हणून परवा मी प्वारोचा अगदी पहिला भाग लावला. लंडनमधल्या क्लॅपहॅमच्या एक बाई येतात, आमची स्वयंपाकीण नाहीशी झालीये, शोधा. प्वारो नाक मुरडतो, मी काय स्वयंपाकिणी शोधू, तर बाई त्याला असं झापतात की गडी नरमतो. आई म्हणाल्या, "बरोबर बोलतेय ती." आणि नंतर तिच्या नवऱ्याच्या सांगण्यावरून टपालाने एक गिनी फी येऊन केस बंद होते तेव्हा, "ह्याला काय जातंय, ह्याला आयतं ताटात मिळतं." पूर्ण पन्नास मिनिटं आईंनी पापणी लवू दिली नाही. त्या स्वयंपाकिणीला साखरेत शिजवलेली पीच फार आवडायची, आणि त्या रात्री जेवणात तीच असताना ती न खाता गेली, यावर तर त्यांनी मला पॉज करायला लावून सांगितलं की इथेच पाणी मुरतंय.

आयुष्यात पहिल्यांदा मी शेवट बघितला. सलग. तो सांगणार नाही, तुम्ही बघा.

काल सकाळी आमच्या स्वयंपाकाच्या मावशी पोळ्या करून घाईघाईत गेल्या. आई किचनमधून बाहेर आल्या त्या हातात भरलेला कप घेऊनच.

"चहा न पिता गेली गं."

"बस असेल हो त्यांची."

"आल्याचा होता. तिला आवडतो." आई खिडकीशी गेल्या, वाकून खाली बघितलं. "हातात पिशवी होती ना तिच्या?"

"असतेच की रोज."

"रोज एवढी मोठी असते?"

मीही खिडकीशी गेले.